भिशीच्या पैशांतली व्हॅन

कोरेगावात एका आचाऱ्याच्या दारात मी भर दुपारी व्हॅनमध्ये आडवी झाले होते. डोकं मागच्या दाराकडे, पाय पुढच्या सीटच्या पाठीला, उशीला पर्स. बाबा मोजपट्टीचं दुसरं टोक धरून बाहेर उभे, आणि गाडीचा मालक चहाचे कप घेऊन आला तो तसाच थबकला.

"ताई, गाडी घ्यायला आलाय का झोपायला?"

"दोन्हीला," बाबा म्हणाले. मग मला, "पाय सरळ होतात का गं?"

झाले. जेमतेम झाले, पण मी पाच फूट दोन इंच. बाबा पाच-सात. त्यांनी तिरकं झोपायचं, असं तिथेच चहा पिता पिता ठरलं. आमची ही सातवी गाडी होती, आणि पहिल्या सहांनी आम्हाला इतकं शिकवलं होतं की लोक काय म्हणतील याची लाज केव्हाच गळून पडली होती.

व्हॅनमध्ये पलंग टाकून फिरायचं हे खूळ इंटरनेटवरच्या फोटोंतून आलं असेल असं माझ्या जावेला वाटतं. तसं नाही. गेल्या दिवाळीत आम्ही भाड्याच्या कारने गुहागरला निघालो होतो. बाबांना दर दोन-अडीच तासांनी पाठ टेकायला लागते. चौतीस वर्षं एसटीच्या डेपोत बसच्या पोटाखाली हात वर करून काम केलेल्या माणसाची पाठ ती. कारच्या मागच्या सीटवर ते वळकटी होऊन पडतात आणि उठताना त्यांना दोघांनी धरावं लागतं. दोन तासांपुरती खोली कोणी देत नाही, आणि दिवाळीत तर रात्रीलाही साडेतीन हजारांखाली काही नव्हतं. शेवटी एका पेट्रोल पंपाच्या मागे चटई टाकली. बाबा चटईवर, मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी, लेक बाजूला कुरकुरे खात. 'गाडीतच एक फळी असती तर' हे वाक्य तिथलं आहे.

बाबांचा सुरुवातीला विरोध होता. "तुला एसटीत अर्धं तिकीट आहे, मग गाडी कशाला पाळतेस?" हे त्यांचं पालुपद. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून माझ्या प्रत्येक खर्चाला ते एसटीच्या तिकिटाने भागतात. एसटीत आडवं होता येत नाही, एवढंच मी म्हणाले. मग दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पेट्रोल बघतेस का डिझेल?"

पैशांचं असं. आमची बारा जणींची भिशी, महिन्याला दहा हजार. मी मुद्दाम शेवटचा नंबर घेतला होता, त्यामुळे एक लाख वीस हजार एकरकमी हातात आले. साठवलेले पासष्ट. जुनी स्कूटर विकून पंचवीस. एकूण दोन लाख दहा हजार, त्यापुढे एक रुपया नाही आणि कर्ज नाही. मी खुशीत सांगितलं की दोन लाखांपर्यंत गाडी बघू. बाबा म्हणाले, "हातात आहेत त्याच्या पाऊणपटच गाडीला द्यायचे. उरलेला पाव गाडी घरी आल्यावर स्वतः मागून घेते." ते तेव्हा मला फार खडूसपणाचं वाटलं होतं.

दोन लाखांत तयार कॅम्पर मिळत नाही, हे आधी मनाशी पक्कं करावं लागतं. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेले, आत शौचालय आणि ओटा असलेले ते दिवाणखाने आपल्या ऐपतीतले नव्हेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मी कौतुकाने बातमी कापून ठेवली होती, पण ती गोष्ट गाड्या भाड्याने देणाऱ्यांची आणि त्या उभ्या करायला जागा देणाऱ्यांची. आमच्यासारख्यांना दोनच दारं उघडी: जुनी ओम्नी नाहीतर जुनी ईको. ओम्नी म्हणजे आपली मारुती व्हॅन, १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. हिंदी सिनेमात माणूस पळवायचा तर हीच गाडी. ईको २०१० ची, तिच्याहून फूटभर लांब. दोन्हींना सरकती दारं, दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली, आणि आत रिकामा चौकोनी डबा. त्या डब्यासाठीच सगळा खटाटोप.

पहिली पाहिली ती साताऱ्यातलीच ओम्नी. २०१० चं पासिंग, मागणी पंच्याऐंशी हजार. मी तर मनात पडदे लावले होते. बाबांनी बोटांवर मोजलं: खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे हिची संपतच आलेली. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी सहाशेची पाच हजार झाली. वर पर्यावरण कर. आणि मुख्य म्हणजे गाडी आरटीओत तपासणीला न्यायची, त्याआधी ती तपासणीला नेण्याजोगी करायची. मालक म्हणाला, "होतंय हो सगळं." बाबांनी ओठ दाबून मान हलवली. एसटीत चौतीस वर्षांत 'होतंय' म्हणणाऱ्यांच्या गाड्या त्यांनीच ओढून आणल्या होत्या.

दुसरी कराडची, पिवळ्या पाटीची. शाळेची मुलं नेणारी ईको, एक लाख तीसच हजार. आत सीटच्या पाठीवर करकटकाने कोरलेलं कुणाकुणाचं प्रेम. माझ्यासारख्या नवख्याने अशा गाडीवर झडप घालावी इतकी ती स्वस्त. पण पिवळी पाटी म्हणजे परवाना, वेळोवेळी फिटनेस, वेगळा विमा. ती पांढरी करायची तर परवाना परत करा, कराचा फरक भरा, आरटीओची मंजुरी घ्या. एजंट म्हणत होता, मी करून देतो, तुम्ही फक्त पैसे द्या. किती ते मात्र काम झाल्यावर कळणार.

तिसरी जुनी रुग्णवाहिका. तिच्याबद्दल एवढंच, की आडवं व्हायची सोय तयारच होती. बाबा आत डोकावले, बाहेर आले आणि म्हणाले, "इथे मला इतक्यात पाठ टेकायची नाही."

चौथी मात्र मला आवडली होती, अजूनही तिची आठवण येते. चिपळूणची, पांढरीशुभ्र, २०१५ ची, एक लाख पंचेचाळीस. आतलं कापड नवं, मॅट नवी, दरवाजाच्या पट्ट्यांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बाबांनी निघण्याच्या आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, "आम्ही येईपर्यंत चावी लावू नका." पोचल्या पोचल्या त्यांनी पुढची सीट उचलली आणि इंजिनावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. गरम. म्हणजे थंड गाडी सुरू होताना काय करते ते आम्हाला बघू द्यायचं नव्हतं. मग त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. आमच्या फ्रिजवरचं, आंब्याच्या आकाराचं. ते दाराच्या खालच्या कडेवरून हळूहळू फिरवत नेलं. दोन वीत चिकटत गेलं, मग टपकन हातात आलं. तिथे पत्रा नव्हता, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारला होता. खाऱ्या हवेत पत्रा खालून सडतो, वरून गाडी नवरी दिसते.

एवढ्यानेही मी नाही म्हटलं नसतं. मग बाबा मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. ओढतच राहिले, शेवटपर्यंत, जिथवर तो कोणी कधी ओढत नाही. शेवटची वीतभर पट्टी वेगळ्याच रंगाची निघाली. करडी, ताठर. त्यांनी ती अंगठ्याने चोळली आणि अंगठा मला दाखवला. बारीक गाळ. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात घरांच्या पहिल्या मजल्याला पाणी लागलं होतं, त्या पाण्याचा. गाडी धुता येते, मॅट बदलता येते, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या पोटातला गाळ कोणी काढत नाही. पुरात बुडालेल्या गाडीच्या वायरी पुढे दोन-तीन वर्षांनी रडायला लागतात, एक दुरुस्त करावी तर दुसरी. मालक गप्प उभा होता. त्याचंही घर गेलं असणार त्या पुरात, त्यामुळे मला त्याचा राग आला नाही. पण बुडलेली होती हे सांगायला हवं होतं त्याने. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरलाही २०१९ आणि २०२१ असे दोन पूर येऊन गेलेत, तेव्हा कुठलीही जुनी गाडी घ्या, आधी पट्टा ओढा.

पाचवी सांगलीकडची सीएनजीवाली. सिलिंडर नेमका तिथे, जिथे आमचे पाय येणार. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करायची असते, तिच्या पट्टीवरची तारीख उलटून दीड वर्ष झालं होतं. झाकण लावून परत आलो.

सहावीने घरात भांडण लावलं. पुण्यातल्या एका मुलाने ईकोचा खरोखरचा कॅम्पर केला होता. आत पाइनच्या पट्ट्या, पिवळे मंद दिवे, घडीचं टेबल, टपाला भोक पाडून वर उघडणारी काचेची खिडकी. मागणी दोन साठ, पण दोन दहापर्यंत यायला तयार. लेक त्या खिडकीखाली झोपून आकाश बघत होती आणि मला ती तिथून उठवावीशी वाटत नव्हती. मी हळूच विचारलं, हे सगळं आरसी बुकात नोंदवलंय का? तो हसला. "कोण बघतंय, काकी?"

काकी म्हटल्याचं दुःख वेगळं. पण बघतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेलं आणि कंपनीने बनवलेलं याच्याशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलं. टप कापणं म्हणजे तर गाडीचा सांगाडाच बदलणं. उद्या अपघात झाला आणि विमावाल्याने ते भोक बघितलं की झालं. शिवाय बाबांचा मुद्दा निराळाच होता: "त्याने भोकाच्या कडेला सिलिकॉन भरलंय. एक पावसाळा बघितलाय का याने साताऱ्यातला?" पैसे सगळेच्या सगळे संपले असते हेही होतंच. परतीच्या वाटेवर लेक खंबाटकी घाटापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तर सातवी. ईको, २०१४ चं पासिंग, पेट्रोल, पाच सीटची, पहिलाच मालक. हा माणूस लग्नाची जेवणं करायचा आणि या गाडीतून पातेली, झारे, शेगड्या वाहायचा. गुडघे गेले म्हणून धंदा मुलाकडे दिला, मुलाने छोटा टेम्पो घेतला. गाडीचं सरकतं दार उघडलं आणि आतून गोड्या मसाल्याचा भपकाच आला. तळाच्या पत्र्याला पातेल्यांच्या बुडांचे गोल गोल पोचे. उजव्या बाजूला एक लांब ओरखडा. रंग उडालेला. मी मनात म्हटलं, ही काय गाडी आहे.

बाबा मात्र खुशीत आले. इंजिन थंड, पहिल्या फटक्यात सुरू, मागून धूर नाही. ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. चुंबक खालच्या कडेवरून इकडून तिकडे चिकटत गेलं, एकदाही सुटलं नाही. गाडी एक लाख आठ हजार किलोमीटर चाललेली, आणि क्लचच्या पायपट्टीवरचं रबर तेवढंच झिजलेलं. याआधी एका दलालाने साठ हजार किलोमीटरची म्हणून दाखवलेल्या गाडीचं ते रबर टक्कल पडल्यासारखं गुळगुळीत होतं. मॅट उचलून बघितली तर खाली हळदीचा थर, पण गंज नाही. "ओरखडे खरे आहेत," बाबा मला बाजूला घेऊन म्हणाले. "याने काही लपवलेलं नाही. लपवायला याला वेळच नव्हता."

मागणी होती एक पंच्याण्णव. घासाघीस बाबांनी केली नाही, त्यांना जमत नाही. मी केली. मागचे दोन टायर गेलेत, बॅटरी बदलायला आलीय, नंबरप्लेट अजून जुनी आहे, असं एकेक मांडत गेले. त्या नव्या नंबरप्लेटचं आपल्याकडे २०२५ मध्ये चांगलंच गाजलं. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना ती बसवायची होती. कारला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. हजाराच्या आतला मुद्दा, पण मांडला. मालक म्हणाला, एक ऐंशी. मी म्हणाले, एक पासष्ट. मग त्यांच्या मंडळींनी आतून कांदेपोहे आणले आणि बोलणं थांबलं, कारण पोहे असे होते की भाव करावासा वाटेना. एक बहात्तरला तुटलं. पाच हजार इसार दिला आणि वहीच्या कागदावर लिहून घेतलं की बाकीची रक्कम कागदपत्रं पूर्ण झाल्यावर.

हा शेवटचा तुकडा नसता लिहिला तर फसलो असतो, आणि तेही कोणाच्या वाईट हेतूशिवाय. घरी येऊन ऑनलाइन नोंद काढली तर गाडीवर बोजा दिसला. त्यांनी एका पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतली होती, कर्ज २०१८ मध्येच फेडलेलं, पण नोंद उतरवायची राहून गेलेली. आचाऱ्याला वाटत होतं कर्ज फिटलं की आपोआप उतरतो. उतरत नाही. पतसंस्थेचा दाखला, फॉर्म ३५, आरटीओत अर्ज, तेव्हा उतरतो. पतसंस्थेत दाखल्यावर सही करणारा माणूस एक दिवस रजेवर, एक दिवस ऑडिटला, एक दिवस जेवायला. नऊ दिवस गेले. शिवाय चार ई-चलनं निघाली, दोन हजार सहाशेची, सगळी लग्नसराईतली. ती मालकाने भरली. एक चलन बघून म्हणाला, "ह्या लग्नात तर माझे पैसेबी बुडाले."

मग गाडी नावावर करायला फॉर्म २९, फॉर्म ३०. चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा होता. बाबांनी एजंटाला हात लावू दिला नाही. कागद नंबरावर ठेवला आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासत गेले, लहानपणी आम्ही नाण्यांवर करायचो तसं. एकेक अक्षर पांढरं उमटत आलं. ते आरसी बुकाशी जुळवताना त्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि लेकीकडून दुसऱ्यांदा वाचून घेतलं. सातवीतली मुलगी आरटीओच्या आवारात चेसिस नंबर घोकत बसली होती. विमा नावावर करायलाही अर्ज टाकला. त्याला विक्रीपासून चौदा दिवस असतात, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही.

गाडीने तिचा पाव मागून घेतला तो असा: दोन टायर, बॅटरी, ब्रेक शू, पुढच्या चाकांचे बुश, सगळी ऑइलं, मिळून बावीस हजार चारशे. मजुरी धरली नाही, ती बाबांची. त्यांचा पाना चालवणारा हात आता थरथरतो, त्यामुळे नट ते सांगणार आणि मी फिरवणार असं चाललं. मला आता चौदाचा पाना आणि सतराचा पाना अंधारात ओळखता येतो.

घर करायला मात्र फार लागलं नाही. मागच्या सीटची घडी घातली की जी उंची येते, त्या उंचीला मागे एक प्लायचं खोकं, आणि दोन्हींवर बिजागरीने उघडणाऱ्या दोन फळ्या. गाडीला एकही भोक पाडलं नाही, एकही स्क्रू मारला नाही. सगळं पंधरा मिनिटांत निघतं आणि गाडी पुन्हा आरसी बुकातल्यासारखी पाच सीटची होते. प्लाय चार हजार दोनशे, सुतार अडीच हजार. गादी कापसाची करून घेतली, तीन घड्यांची, एकोणीसशे. गादीवाल्याला गाडीचं माप सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारलं, "पेशंटसाठी आहे का?" मच्छरदाणीची जाळी दारांच्या चौकटीला बारक्या चुंबकांनी चिकटते. लांबी नसलेल्या पत्र्याचा हा एक फायदा.

खाली अंथरायला फ्लेक्स. मी फ्लेक्स छपाईच्या दुकानात डिझाइन करते, तेव्हा चुकलेले फ्लेक्स हवे तेवढे. आमच्या अंथरुणावर एक स्थानिक नेते हात जोडून उभे आहेत आणि वर लिहिलंय 'वाढदिवसाच्या हर्दिक शुभेच्छा'. काना मीच विसरले होते, पगारातून कापला गेला होता. तो फ्लेक्स आता वसूल होतोय. चेहरा खाली घालते, पाठ वर.

बाबांनी दोन नियम घातले. गाडीच्या आत शेगडी पेटवायची नाही, कितीही पाऊस असो. आणि इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपायचं नाही. काचा बोटभर उघड्या हव्यातच. कारण सांगितलं नाही, एवढंच म्हणाले, "मी बघितलेत." मीही पुढे विचारलं नाही.

पहिला प्रवास फेब्रुवारीत, पुन्हा गुहागरच. नवऱ्याला घाटात उलट्या होतात आणि रजाही नव्हती, म्हणून आम्ही तिघंच. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. पाटणच्या पुढे एका वडाखाली गाडी लावली, दार सरकवलं आणि बाबा आडवे झाले. अर्ध्या तासाने स्वतःच उठून बसले. कोणी धरलं नाही. ते काही बोलले नाहीत, मीही नाही. लेक म्हणाली, "आजोबा, गाडीला गोड्या मसाल्याचा वास येतोय, भूक लागली." हा वास जात नाही. कापूर, कडुनिंब, कोळसा सगळं करून झालं. गाडी उन्हात तापली की जास्तच येतो.

घाट उतरताना बाबा शेजारी बसून गिअर सांगत होते. "ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर उभी राहू नकोस." मागून एसटी आली की ते आरशात न बघता सांगायचे, गाडीचा गिअरबॉक्स ओरडतोय, डेपोत कोणी लक्ष देत नाही.

गुहागरला सुरूच्या बनाजवळ रात्री गाडी लावू देतील का याची धाकधूक होती. तिथे लावलीच नाही. एका खानावळवाल्या काकूंना विचारलं, तर त्यांनी पोफळीच्या वाडीत जागा दिली, न्हाणीघर वापरा म्हणाल्या, रात्रीचं आणि सकाळचं जेवण त्यांच्याकडे घ्यायचं एवढीच अट. तिघांचे दोन वेळचे सातशे रुपये. सोलकढी मागाल तेवढी.

आता खरी गंमत. इतकं मोजूनमापून, इसार देऊन, बोजा उतरवून घेतलेल्या गाडीत माणसं मावतात दोन. बाबा तिरके झोपले की उरलेल्या त्रिकोणात लेक बरोब्बर बसते, आणि मी बाहेर. गाडी घेतली मी, आणि झोपते तंबूत. हर्दिक शुभेच्छांवर.

पहाटे कधीतरी जाग आली. पोफळींत अजून काळोख होता, मागे समुद्राचा आवाज. बाबा बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले होते. रात्री झोपण्याआधी ते इंजिनाच्या खाली एक पुठ्ठा सरकवून ठेवतात, खोक्याचा. तो पुठ्ठा ओढून काढला, बॅटरीच्या उजेडात धरला, कालच्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून ताडून बघितला.

"किती?" मी तंबूतून विचारलं.

"एकच थेंब," ते म्हणाले. "कालच्याएवढाच." आणि शेगडी गाडीपासून चार पावलं लांब नेऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं.